एल्डर लार्सन एकटा आला होता

इथले अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचतेय. खरं सांगायचं तर बहुतेकांच्या खाली मी मनातल्या मनात एकच प्रतिक्रिया लिहीत आले — 'झोप नीट झाली नसेल.' मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कोणी 'आपोआप झालं' म्हणालं की आधी लॉग, म्हणजे यंत्रातल्या नोंदी, मागायच्या, ही आमची सवय. घरात देव आहेत, गणपतीत उकडीचे मोदक करते, पण भुताखेतांवर विश्वास? छे. आज मात्र स्वतःच लिहायला बसलेय. आणि यात भुतापेक्षा माझंच वागणं जास्त वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो, मी आणि माझा नवरा निखिल. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सासूबाई गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नागपूरहून सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर माणसांच्या गराड्यात बसलेला. इथे आम्ही दोघं दिवसभर कामावर, शेजारी 'मॉर्निंग' पलीकडे बोलत नाहीत, आणि साडेतीनला अंधारायला लागतं. बाबा खिडकीत बसून समोरच्या राउंडअबाउटवरच्या गाड्या बघत राहायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी दोन मुलांनी बेल वाजवली. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. मॉर्मन मिशनरी, म्हणजे घरोघरी जाऊन आपल्या ख्रिस्ती पंथाचा प्रचार करणारी मुलं. आपल्यापैकी बहुतेकजण अशांना 'नो थँक यू' म्हणून दार लावून घेतात. मीही तेच केलं असतं. बाबांनी त्यांना सरळ आत बोलावलं आणि संध्याकाळी मला हसत हसत सांगितलं, "मीनल, एकोणीस वर्षांचे पोट्टे आहेत अन् पट्टीवर लिहिलंय एल्डर. म्हणजे वडीलधारे. मी म्हटलं, या आजोबा, बसा."

एक होता एल्डर लार्सन. अमेरिकेतल्या आयडाहोचा, शेतकऱ्याचा मुलगा, उंच, काडीसारखा, थंडीने कान कायम लाल. दुसरा एल्डर फिनाऊ, टोंगा बेटांवरचा, धिप्पाड आणि अतिशय लाजाळू. दोन वर्षं घरापासून लांब, स्वतःच्या खर्चाने. पहिल्या नावाने हाक मारायची नाही. चहा-कॉफी नाही. घरी फोन आठवड्यातून एकदा, सोमवारी. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे कायम जोडीने राहायचं, एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. बाबांनी लार्सनला मागच्या अंगणातलं बर्ड फीडर दाखवायला नेलं, तर फिनाऊपण उठून मागच्या दारात उभा राहिला. बाबांना याची भारी गंमत वाटायची. म्हणायचे, यांच्यापेक्षा आमच्या गावाकडची बैलजोडी मोकळी होती.

मग ती मुलं आठवड्यातून दोनदा यायला लागली. दाराशी वाकून बुटांच्या नाड्या सोडत बसायची. त्यांचे ते जाड काळे बूट निघायला मिनिटभर तरी लागायचं, आणि बाबा दार धरून "सावकाश, सावकाश" म्हणत उभे राहायचे. चहा चालत नाही म्हणून बाबा त्यांना हळदीचं दूध द्यायचे. फिनाऊ आवडीने प्यायचा, लार्सन औषधासारखं गिळायचा, पण संपवायचा. आमच्या कुंपणाच्या झुडपांवर दिव्यांची माळ त्यांनीच लावून दिली. दिवसभरात शंभर दारं वाजवली तर चार उघडतात, असं लार्सन एकदा बोलून गेला, आणि डिसेंबरमध्ये तेवढीही उघडत नाहीत. लोक गोड हसून 'मेरी क्रिसमस' म्हणतात आणि दार लावतात. त्याच्या आईने पाठवलेलं पार्सल त्याच्या पलंगाखाली होतं. पंचवीस तारखेपर्यंत उघडायचं नाही, असं तिने वर लिहिलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी पाचला घरी व्हिडिओ कॉल करायचा होता. तो तास-मिनिटं मोजत होता बिचारा.

धर्म बदलायचा विषय बाबांनी पहिल्याच दिवशी निकालात काढला होता. पण एकदा त्यांनी सासूबाईंचा फोटो दाखवला, तेव्हा लार्सन म्हणाला की आम्ही मानतो, कुटुंब मरणानंतरही तुटत नाही, पुन्हा एकत्र येतं. बाबा त्या रात्री जेवताना म्हणाले, मुलगा चांगला आहे.

बाबांनी दोघांना पंचवीसला दुपारी एक वाजता जेवायला बोलावलं. मीच हो म्हटलं होतं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड, सगळं ठरलं. आणि तेवीसला माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा मेडनहेडहून फोन आला की सगळा जुना ग्रुप जमतोय, येच. त्या महिन्यात माझं काम जीव खाऊन गेलं होतं. मला पुऱ्या तळायच्या नव्हत्या. मला माझ्या मैत्रिणींत बसून हसायचं होतं. एवढंच.

आता माझं कर्तृत्व ऐका. बाबांना मी सांगितलं, मुलांनाच जमत नाहीये, त्यांच्या चर्चच्या कोणाकडे तरी जेवण आहे. बाबांचा चेहरा उतरला, पण म्हणाले, मग तुम्ही दोघं मेडनहेडला जाऊन या, मला गर्दी नको. आणि पंचवीसला सकाळी निघण्याआधी मी मुलांच्या फोनवर मेसेज टाकला, 'सॉरी, बाबांची तब्येत बरी नाही, आजचं जेवण रद्द करावं लागतंय.'

आपल्याकडे हे सर्रास चालतं. कुणाकडे जायचं नसलं, कुणाला टाळायचं असलं की घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आजारी पाडायचं. समोरचा 'काळजी घ्या' म्हणतो आणि विषय संपतो. पण ही मुलं आपल्यातली नव्हती. कुणी आजारी आहे म्हटलं की त्यांच्या लेखी तिथे न जाण्याचं ते कारण नसतं. उलट तिथे जायलाच हवं असतं. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला. हे मला माहीत असायला हवं होतं, बाबांनी सांगितलं होतं एकदा.

लगेच उत्तर आलं, 'ऐकून वाईट वाटलं. आम्ही काही करू शकतो का?' मी ते वाचलं आणि फोन पर्समध्ये टाकला. 'काही नको' एवढं लिहायला किती वेळ लागतो? मी लिहिलं नाही.

दुसरा मेसेज अकरा वाजता आला होता. 'पाच मिनिटांसाठी येऊन जातो, त्यांच्यासाठी प्रार्थना करू.' तो मी संध्याकाळी वाचला. फोन तेव्हा मैत्रिणीच्या बेडरूममध्ये, सगळ्यांच्या कोटांच्या ढिगाखाली होता.

एक वाजून गेल्यावर निखिलला फोन आला. बाबांना हार्ट ॲटॅक आला होता, ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन निघाली होती. मेडनहेडहून परत येतानाचा तो रस्ता मला आठवतच नाही. हॉस्पिटलमध्ये पोहोचलो तोवर स्टेंट घालायला आत नेलं होतं. नंतर डॉक्टर म्हणाली, त्यांनी वेळेवर ९९९ ला फोन केला म्हणून वाचले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा नीट बोलायला लागले. सकाळपासून छातीत जळजळत होतं म्हणे. गॅसेस असतील म्हणून ओवा खाल्ला आणि सोफ्यावर आडवे होणार, तेवढ्यात साडेबाराच्या सुमारास बेल वाजली. दारात लार्सन. एकटाच. बाबांनी विचारलं, जोडीदार कुठाय? तो म्हणाला, मागे राहिला. आत येऊन तो सोफ्यावर बाबांच्या शेजारी बसला, त्यांच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. हात फार गार होते म्हणे. मग म्हणाला, तुमच्या सुनेने कळवलंय तुम्हाला बरं नाही, आत्ताच्या आत्ता ॲम्ब्युलन्स बोलवा. बाबा म्हणाले, अरे गॅसेस आहेत. तो ऐकेना. फोन कर म्हटलं तर स्वतः हात लावेना. तुम्हीच करा, म्हणाला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिथेच बसून होता, आणि ती माणसं आत आल्यावर कधी गेला ते बाबांना कळलं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे मुलं आलीच होती, आणि माझं खोटं बाबांसमोर उघडं पडलं, असंच आधी वाटलं. पण बाबा माझा हात धरून म्हणाले, "त्यांना जमणार नव्हतं, तरी तू कळवलं म्हणून तो आला. पण मीनल, मलाच माहीत नव्हतं मला काय होतंय. तुला सकाळीच कसं कळलं गं?"

माझी दोन खोटी एकमेकांत अशी चपखल बसली होती की मला तोंड उघडायचीही गरज पडली नाही. मी नुसती मान हलवली.

सत्तावीसला सकाळी मी कपडे घ्यायला घरी आले होते. बेल वाजली. फिनाऊ होता, कपाळावर पट्टी, आणि बरोबर लार्सन नव्हता. त्यांच्या चर्चमधले एक वयस्कर गृहस्थ होते. फिनाऊ आत यायला तयार नव्हता, घरात मी एकटीच होते ना. त्यांचा तोही नियम आहे. पायरीवर उभं राहून त्याने आधी बाबांची चौकशी केली. मी म्हटलं, लार्सनमुळे वाचले, त्याला सांग. तो माझ्याकडे बघतच राहिला.

मग त्याने सांगितलं. नाताळच्या दिवशी बस नसतात, म्हणून दोघं चालत निघाले. चार मैल. धुकं होतं. रेडवेवरच्या, म्हणजे इथल्या लाल पायवाटेवरच्या, अंडरपासमध्ये पाणी गोठलं होतं, म्हणून वरून मोठा रस्ता ओलांडायला गेले. लार्सन पुढे, हा दोन पावलं मागे. गाडी बर्फावरून घसरत आली. बाराला दहा मिनिटं कमी होती. तो जागच्या जागीच गेला.

मी म्हटलं, शक्य नाही, तो साडेबारा वाजता आमच्याकडे होता. फिनाऊ हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मी त्याला सोडून कुठेच गेलो नाही. दुपारी तीनपर्यंत. आमचा नियम आहे." आणि मग त्या एवढ्या मोठ्या मुलाला रडू आवरेना. लार्सनचं पहिलं नाव केलब होतं, म्हणाला. त्याच्या आईचं पार्सल न उघडताच त्याच्याबरोबर परत जाणार होतं.

ते गेल्यावर मी दाराच्या बेलवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग उघडलं. लॉग बघायची सवय, सांगितलं ना. पंचवीस तारीख, बारा वाजून चौतीस मिनिटं. बेल दाबल्याची नोंदच नाही. फक्त दार आतून उघडतं. बाबा दिसतात, एक हात छातीवर. "कम, कम. अलोन टुडे?" मग ते मान वर करून रस्त्याकडे बघतात, जणू कोणीतरी मागून येतंय. पायरीवर कोणी नाही. मग बाबा दार धरून उभे राहतात आणि खाली बघतात. मिनिटभर. कुणी बुटांच्या नाड्या सोडत असलं की बघतात तसं. "सावकाश, सावकाश," म्हणतात. आणि दार लावून घेतात.

निखिलने ते पाहिलं. त्याचं म्हणणं, हृदयाला रक्त कमी पडत होतं, मेंदू काहीही दाखवतो, नेहमी येणारा मुलगा दिसला. मीही हेच म्हटलं असतं. पण निखिलकडे अर्धंच गणित आहे. 'तुमच्या सुनेने कळवलंय' हे बाबांना कसं माहीत? तो मेसेज मी लिहिला, त्या दोघांनी वाचला, आणि चौथ्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. घर सोडण्यापूर्वी बाबा हातीपायी धड होते. निदान मला तरी तसंच वाटत होतं. मी खोटं लिहिलं आणि ते तीन तासांत खरं झालं, याचं तरी काय करायचं? ते रेकॉर्डिंग महिन्याभराने आपोआप पुसलं गेलं. मी जपून ठेवलं नाही. ठेवायचं धाडस झालं नाही.

बाबांना आम्ही जानेवारीत सांगितलं. त्यांनी खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आधी आईकडे जायचं ना रे, पोरा."

आता बाबा नागपूरला आहेत, तब्येत छान आहे. नातेवाईकांत माझं फार कौतुक चालतं. मीनलला आधीच कळतं, असं. एका मावशींनी तर मला फोन करून त्यांच्या मुलीच्या लग्नाचं कधी जमेल ते विचारलं. मी हसून वेळ मारून नेते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही... ना दाराचं, ना बाबांच्या छातीचं. फक्त तो मुलगा त्या दिवशी त्या रस्त्यावर का होता, एवढं एक मला नीट माहीत आहे.

गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला. डिसेंबर आला की त्यांना तो मुलगा आठवतो. त्यांना त्याच्या आईला पत्र लिहायचंय, की तुमच्या मुलाने माझा जीव वाचवला. फिनाऊकडून पत्ता मिळालाय. "तूच लिही, तुझं इंग्रजी बरं आहे," म्हणाले. "आणि सगळं पहिल्यापासून लिही. तो आमच्याकडे यायला का निघाला, तिथपासून."

कागद चार दिवस टेबलावर पडलाय. वर पत्ता आहे, तारीख आहे, 'डिअर मिसेस लार्सन' आहे. त्याच्या खाली अजून काही नाही.