पिवळा ठिपका आणि सहा बोल्ट

काका जुन्या पाइपचा आधी वास घेत, मग चष्मा लावत. स्क्रू फिरेना की त्याला "अहो, सोडा ना आता" म्हणत. माणसांशी मात्र बहुधा अरे-तुरे. फोन वाजला की आधी हात पुसत, तोवर तो बंद पडे. चहा पार गार करून पीत आणि कुणी हसलं तर म्हणत, "धंद्याचा परिणाम." त्यांच्या स्वतःच्या खोलीत एक पंखा होता. तोही कुरकुरे.

गल्लीत त्यांना गारठाकाका म्हणत. त्यांनी चाळीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त केले. शेवटची दहा वर्षं लोक वेगळ्याच कामासाठी येत. जुनी गाडी पहिल्यासारखी करायची असे. तिच्या एसीचा अमुक भाग मूळचा की नंतर बसवलेला, एवढंच काकांनी सांगायचं. काका लोखंडात ओतलेले आकडे वाचत, नळी बोटांनी चाचपत, आणि सांगत. त्यावर कुणी वाद घालत नसे.

मी साहित्यात एम.ए. केलंय. दुकानाच्या वर राहतो. काकांच्या वहीत नोंदी लिहायला त्यांनी मला ठेवलं. "अक्षर बरं आहे," ते काकूंना म्हणाले. "डोक्यात काय आहे ते कळेल हळूहळू." दोन वर्षं मी कवितांमधले गर्भितार्थ शोधले होते. कंप्रेसर कुठला आणि डायनॅमो कुठला, हे कळायला मला तीन महिने लागले.

एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे वडिलांच्या वेळची निळी गाडी होती. बाई लेकीकडे राहायला जाणार होत्या. तिथे गाडीला जागा नव्हती. एक संग्रहालय ती घ्यायला तयार होतं, पण सगळे भाग त्याच वर्षीचे, कारखान्याचे असतील तरच. नाहीतर गाडी मोडून तुकड्यातुकड्याने विकली जाणार. सगळं जुळलं, फक्त एसीचा कंप्रेसर नंतरचा निघाला.

काकांनी दीड वर्ष भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले आणि एक शोधून आणला. त्याच्यावरची नंबरपट्टी गंजून गेली होती. पण काजळीखाली एका बोल्टवर पिवळा ठिपका होता. त्या वर्षी कारखान्यातला तपासनीस बोल्ट आवळून झाल्यावर तो लावत असे. बाहेरून ओळख काय ती तेवढीच.

काका जेवायला गेले. मला वाटलं, त्यांना चकित करावं. रॉकेल घेतलं, तारेचा ब्रश घेतला आणि तासभर घासलं. कंप्रेसर लखलखला. हातांनी काहीतरी केल्याचा अभिमान मला आयुष्यात पहिल्यांदा वाटला.

काका आले. चष्मा लावून बोल्टपाशी वाकले.

"ठिपका कुठाय?"

ठिपक्याची नोंद आदल्या दिवशी मीच वहीत केली होती. सुवाच्य अक्षरात.

"गाढवा," काका स्टुलावर बसले. "नाही, गाढव मीच. एम.ए. माणसाला मोकळं सोडून जेवायला गेलो."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "पिवळा रंग आहे ना डबीत? मग द्या लावून. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

"तुम्हाला चष्म्याशिवाय दिसतं कुठे?"

काकांनी डबी उघडली. काडीचं टोक रंगात बुडवून बोल्टपाशी नेलं. त्यांनी ठिपका लावावा असं मला मनापासून वाटत होतं. काका थांबले. मग ती काडी त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशावर पुसली.

"वहीत खोटे ठिपके लावणाऱ्यांचं एक पान आहे," ते म्हणाले. "त्यात माझं नाव तुझ्या अक्षरात नको."

संग्रहालयाचे परीक्षक आले, तेव्हा काकांनी सरळ सांगितलं, "ठिपका होता. माझ्या दुकानात पुसला गेला." माझं नाव घेतलं नाही. मी वहीत डोकं खुपसून बसलो होतो.

"तुमच्यावर विश्वास आहे, काका," परीक्षक म्हणाले. "पण मला कागदावर काहीतरी लिहावं लागतं."

एक वाट उरली होती. कंप्रेसरच्या आत, झडपेच्या पत्र्यावर वर्ष ठोकलेलं असतं. पण ते बघायचं तर झाकण काढावं लागतं, आणि झाकण काढलं की कारखान्याचं सील फाटतं.

"मूळचं आहे हे दाखवायला मूळचंच मोडायचं," काका बाईंना म्हणाले. "तुमची परवानगी हवी."

"उघडा," बाई म्हणाल्या. "मी जन्मभर मुलांची दप्तरं उघडली. जे असेल ते कळू दे एकदाचं."

परीक्षकांनी तीन आठवडे दिले.

झाकणाला सहा बोल्ट. घाई केली तर बोल्ट आतच तुटतो. काका तेल सोडत, वाट बघत, बोल्टला "अहो" म्हणत. दोन दिवसांत चार निघाले. तिसऱ्या सकाळी काकू जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत.

"खाली ये," त्या म्हणाल्या. "हे उठत नाहीयेत."

त्याला आज बारा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले. मला ते वाक्य अजून नीट वाचता येत नाही.

परीक्षक शुक्रवारी येणार आहेत. बाईंनी विचारलं, तुम्हाला जमेल का. मी पाना दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. माझ्या हाताला काय जमतं, हे मला माहीत आहे.

कंप्रेसर टेबलावर आहे. चार बोल्ट बशीत ठेवलेत, काढले त्या क्रमाने. पहिला बोल्ट निघाला त्या दिवशी काकांनी सांगितलं तसं मी वहीत लिहिलं होतं, "आतलं वर्ष :" आणि पुढे जागा सोडली होती. उरलेल्या दोन बोल्टांवर काकांनी सोडलेलं तेल अजून ओलं दिसतं. ते मुरलं की नाही, हे बघायला कुठे बोट लावायचं, तेवढं विचारायचं राहिलं.