कारखाना मधोमध

दुर्ग स्टेशनवर बाबांनी लेकीपेक्षा तिच्या कॉम्प्युटरला जास्त जपलं, हे मी आईला अजून ऐकवते. पुण्याला नोकरी लागली होती. कपड्यांची जड बॅग मी ओढत होते आणि बाबा गोधडीत गुंडाळलेला सीपीयू छातीशी धरून पुढे चालले होते. त्या गोधडीवर सुतळीच्या इतक्या गाठी मारल्या होत्या की पुण्यात मला आधी कात्री विकत आणावी लागली. भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये जन्म काढलेला माणूस, त्याला सैल काही चालत नाही. गाडी सुटताना इतरांचे बाप वेळेवर जेवायला सांगत होते. माझे बाबा खिडकीतून म्हणाले, "त्याले पाय लागू देऊ नको. अन् तिकडं जाऊन खेळणं सोडू नको वं. डोकं थंड राहते." आई दुसरीकडे तोंड करून उभी होती. मी डोंगरगडपर्यंत धीर धरला, मग बर्थवर तोंड लपवून रडले.

तर मी खेळते. वय वाढलं, पगार वाढला, खेळ सुटला नाही. भिलाईत मागे राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोट्ट्यांसाठी हे लिहिते आहे, कारण खेळांबद्दल माझी जी मतं आहेत ती तुम्हालाच नीट कळतील.

भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीत मामाच्या घराजवळ एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथे मी एकटी मुलगी. मारामारीच्या गेमबद्दलचं माझं मत तिथेच पक्कं झालं आणि ते आजही बदललेलं नाही: भांडणात डोकं लावणारा हरतो, सगळी बटणं एकदम दाबावीत. शर्यतीचे गेम मला जमत नाहीत. प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरच्या सरळसोट, झाडांच्या रस्त्यांवर सायकल शिकलेलं माणूस वळणावर गडबडणारच. बंदुकीच्या गेममध्ये मी चार लोकांच्या टीमबरोबर हेडफोन लावून खेळते आणि बरी खेळते. पण चिडले की तोंडातून घरची भाषा निघते. एकदा मी ओरडले, "मार न बे त्याले, काहून पाहून राहिला!" टीममधला दुबईचा मुलगा खेळ सोडून हसायला लागला. तो गोंदियाचा निघाला. त्या दिवशी आम्ही वाईट हरलो, पण तासभर पोटभर बोललो. पुण्यात ऑफिसात मी 'मला' म्हणते, 'तुला' म्हणते, जपून म्हणते. भिलाईत आपली मराठी तशीही घराच्या उंबरठ्याच्या आत राहणारी, बाहेर पडलं की हिंदी.

भीतीच्या आणि साहसाच्या गेमवर मात्र माझा राग आहे. यांचा सगळ्यात मोठा खलनायक शेवटी कुठे बसलेला असतो? लोखंडाच्या कारखान्यात. लाल उजेड, वाफ, वरून लोंबणाऱ्या साखळ्या, खाली वितळलेलं लोखंड. बाकीच्यांच्या अंगावर काटा येतो, मला भूक लागते, कारण लहानपणी आकाश तसं लाल झालं की बाबा ड्युटीवरून यायची वेळ झालेली असे. असा एक गेम मी एकदा बाबांना दाखवला होता. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढं लोखंड वितळून राहिलं अन् ड्युटीवर एकही माणूस नाही? अन् तुह्या हिरोचं हेल्मेट कुठं आहे?"

शेतीचा गेम तर त्यांनी दोन मिनिटांत निकालात काढला. बाबा मूळचे तुमसरकडचे, धानाच्या घरातले. "चिखल नाही, रोवणी नाही, अन् धान निघालं? अशी शेती असती तं मी भिलाईले आलो असतो का?" आई यातल्या कशात पडत नाही. ती मोबाइलवर एका रंगाचे मणी जुळवते, वरण शिजेपर्यंत, आणि कोणी पाहिलं तर पदराआड करते. पण आमच्या घरातली खरी गेमर तीच आहे, ती अडकली की बोलत नाही आणि जिंकली की शिरा करते.

यंदा बाबा रिटायर झाले. प्लांटचं क्वार्टर सोडायचं होतं, त्यात कोणाचा दोष नाही, तसा नियमच आहे. तिथेच भिलाईत, कोहक्याला त्यांनी दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या, पण मी म्हणत होते, आता पुण्याला या, माझ्याजवळ राहा. "पाहू," एवढंच ते म्हणत. शेवटी मी दोघांना महिनाभरासाठी घेऊन आले. नाव 'पाहून जा' असं होतं. माझ्या मनात मात्र परत पाठवायचंच नव्हतं. एक खोली रंगवून घेतली, आईसाठी देवघर केलं. आई भाजीवालीशी हिंदीत बोलायची, भाजीवाली मराठीत उत्तर द्यायची, आणि आई घरी येऊन सांगायची, "किती चांगली मराठी बोलते वं ती!" मला वाटलं, रुळताहेत.

बाबांना दिवसभर करायला काही नव्हतं. म्हणून मी त्यांना शहर वसवायचा गेम शिकवला. रिकामी जमीन मिळते; रस्ते टाका, घरं बांधा, माणसं आपोआप राहायला येतात. हा माझा सगळ्यात आवडता गेम आणि याच्यातच माझं सगळ्यात जास्त हसं झालं आहे. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा कारखाना बरोबर मधोमध टाकला आणि चहूबाजूंनी घरं. ऑफिसातली मुलं पोट धरून हसली. कारखाना लांब, कोपऱ्यात टाकायचा असतो म्हणे, वस्तीपासून दूर. मला हे खरोखर माहीत नव्हतं. मी ज्यात वाढले ते गाव आधी कारखाना आणि मग त्याच्याभोवती माणसं, असं वसलं होतं.

बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही, मुद्दाम. त्यांनी जमीन न्याहाळली आणि बोट ठेवलं थेट मधोमध. "प्लांट इथं टाक. माणूस सायकलनं ड्युटीले गेला पाहिजे." मग सेक्टर आखले. सिमेंटचा कारखाना घेताना म्हणाले, "हा जामुलच्या साइडले." भिलाईचा सिमेंट कारखाना खरंच जामुलला आहे; मी इतकी हसले की आई मणी सोडून बाहेर आली. गेममधली माणसं धुरानं आजारी पडायला लागली, तर बाबांनी दवाखाना बांधला, रस्तोरस्ती झाडं लावली, बगीचा केला. दर सेक्टरला शाळा. मग कॉलेज. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की दारातच बातमी मिळायची, आज काय बांधलं. हे दिवस फार गोड होते.

आणि एका संध्याकाळी कारखान्यावर लाल खूण आली. कामगार मिळत नव्हते.

"माणसं तं भरपूर आहेत," बाबा म्हणाले. मी समजावलं, या गेममध्ये लोक शिकले की कारखान्यात जात नाहीत, दुसऱ्या शहरात जातात.

बाबांनी पडद्यावरच्या शाळांवरून बोट फिरवलं. "शाळा तं आपणच बांधल्या," ते म्हणाले.

"कॉलेज पाडू का? सगळे तसंच करतात. मग कामगार मिळतात."

"पागल झाली का? पोट्ट्यायनं शिकू नाही का? राहू दे कॉलेज." मग नकाशाच्या काठावर, शहर संपतं तिथे, त्यांनी बोट नेलं. "हे स्टेशन लहान आहे. याले मोठं कर."

"त्यानं कामगार मिळणार नाहीत, बाबा."

"न मिळो. जाणाऱ्याले जाता आलं पाहिजे, अन् येणाऱ्याले येता. माहा बाप तुमसर रोडच्या स्टेशनवर उभा होता, तं म्हणे, 'धानाची बांधी कुठं पळून नाही जात, येत राहजो.' त्यानं मले थांबवलं नाही, अन् तो माह्या मागंमागं भिलाईलेही आला नाही."

मला कळलं की हे राहणार नाहीत. फार वाईट वाटलं, रागही आला. नवा रंग, देवघर, सगळं फुकट. मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई फोडणी देत होती. माझं तोंड पाहूनच तिला समजलं.

"तुह्या बापाले कोणाची तरी वाट पाहाले लागते वं," ती म्हणाली. "इथं तं तू रोजच घरी येते. तो कोणाची वाट पाहीन?"

मला हसू आलं, आणि मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून मी लहान मुलीसारखी रडले. फोडणी थोडी करपली.

पुणे स्टेशनवर या वेळी मी खाली होते आणि ते दोघं खिडकीत. पोहोचलात की फोन करा, वेळेवर जेवा, असं मी बजावत होते. आई पदरानं डोळे पुसत होती. बाबांनी मला फक्त एकच सांगितलं, त्यांचं शहर बंद करू नको.

नाही केलं. कारखाना मधोमध आहे, त्यावरची लाल खूण जात नाही, झाडं दाट झाली आहेत. काठावर मी स्टेशन बांधलंय, गावाला अजिबात न शोभणारं, भलंमोठं. ऑफिसातली मुलं अजून हसतात. पूर्वी मला कोणी घर कुठे विचारलं की मी क्वार्टरचा पत्ता सांगायची. त्या क्वार्टरमध्ये आता दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत असतील. कोहक्याच्या त्या दोन खोल्यांत मी एक दिवसही राहिलेली नाही, पण विचारलं तर आता तेच सांगते. तिथे माझी वाट पाहतात.

परवा फोनवर नेहमीच्या गोष्टी झाल्या, आईचा गेम कुठवर आला, कोहक्याला पाणी कधी येतं. ठेवताना बाबांनी विचारलं, "अन् स्टेशन चालू आहे न वं आपलं?"

"चालू आहे, बाबा," मी म्हटलं आणि दिवाळीचं दुर्गचं तिकीट काढायला बसले.