प्लग पांढराच होता

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर मोटारसायकलचा प्लग बघितला. मांडवगण फराट्याच्या रस्त्याला एक सरळ पट्टा आहे. तिथं माझ्या टू-स्ट्रोक गाडीची रेस पूर्ण पिळायची, एकदम क्लच दाबून चावी बंद करायची आणि गाडी तशीच घरंगळत बाभळीखाली आणायची. हळूहळू चालवत आणली तर प्लगचा रंग खोटं बोलतो. एवढं माझ्यासारख्या चौथी नापासालाही कळतं.

रस्ता मला दिसतो, पण मोतीबिंदूमुळं जवळचा रंग कळत नाही. म्हणून तीन वर्षं रंग बायको बघायची. मागं बसून यायची, मी प्लग काढला की फडक्यात धरून उन्हाकडं करायची. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे कमी, इंजिन तापून पिस्टन चिकटणार. भुईमुगाच्या शेंगेच्या टरफलासारखा असला की बरोबर. टरफल हा तिचा शब्द.

त्या दिवशी, गाडीनं पेट्रोल कमी खावं म्हणून, मी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा जेट बारीक भोकाचा घातला होता.

"अवो, पांढराय ह्यो."

"टरफलच हाय. नीट बघ."

"मोतीबिंदू कुणाला झालाय, मला का तुमाला?"

"चाळीस वर्षं गाड्या खोलतोय मी!"

"मग आंधळ्यानंच खोलल्या म्हणायच्या," म्हणून हसली.

मला हसू आलं नाही. "तू भाकरी थाप जा," म्हणालो. शिरूरला घरी येईपर्यंत ती बोलली नाही. दुपारी ओसरीवर आडवी झाली. चहासाठी हाक मारली, उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झटका. दिवस मावळायच्या आत पेटवलीसुद्धा.

"सोन्यासारखं मरण आलं, आप्पा," लोक म्हणायचे. एकेकाचं तोंड फोडावंसं वाटत होतं. एवढी वर्षं माझ्या मागं बसली आणि शेवटचं काय ऐकलं, तर भाकरी थाप. मला तिचाही राग येतो. जिंकलेलं भांडण असं टाकून जातं का कुणी? उलटून चार शिव्या तरी द्यायच्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे सावडायला निघत होते. मी अंगणात प्लग काढून उन्हात धरला. नुसतं धुकट. दौंडचा पुतण्या जवळ आला.

"आप्पा, आज तरी गाडी नका खोलू. लोक काय म्हंतील? आना इकडं, मी बघतो रंग."

"हात लावू नको. रंग बघून झालाय."

"कवा? कुणी बघितला?"

"तुझ्या चुलतीनं."

त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. पाहुणे दारात ताटकळत होते, राहू देत म्हटलं मनाशी. खाली बसलो, कार्बोरेटर खोलला, बारीक जेट काढून उकिरड्यावर भिरकावला आणि जुना मोठ्या भोकाचा जेट चाचपत बसवला.