पान्याचा उन्हाळा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे पाना म्हणत. खिशात पाना नसेल तर स्वतःच्या लग्नातही याला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असतं, असं त्याची बायकोच सांगायची. लिफ्टच्या काळोख्या बोगद्यात, ग्रीस आणि लोखंडी दोरांच्या संगतीत त्याची उमेदीची वर्षं गेली. उन्हाळा म्हणजे एवढंच, की आत घाम जास्त येतो. कुणी एखादं पुस्तक किंवा सिनेमा सुचवला की याचं उत्तर ठरलेलं, "वेळ कुठे आहे?"

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तो शिडीवरून पडला. मांडीपर्यंत प्लास्टर, आणि वेळच वेळ.

मग सुचवणाऱ्यांची रीघ लागली. मेहुणीने एक जाडजूड कादंबरी आणली. "वाच, रडशील," ती म्हणाली. पायाच्या कळांनी तो आधीच रडकुंडीला आला होता. भावाने मन शांत करणारं बासरीवादन मोबाइलमध्ये भरून दिलं. ते ऐकून बायको गाढ झोपली आणि हा टक्क जागा. साहेब भेटायला आले ते एका मालिकेबद्दल इतकं बोलले, की ती बघायची गरजच उरली नाही. आईचा रोज फोन, "काकडी खा, काकडी." सगळे मायेनेच सांगत होते, पण प्रत्येक जण आपापला उन्हाळा त्याच्या अंगावर चढवू बघत होता, आणि तो याला कुठेतरी काचतच होता.

एका दुपारी वरच्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला. वर निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान राहत. बाईंचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायला घडलेला. यजमानांची, म्हणजे काकांची, नजर गेली होती, म्हणून त्या त्यांना वाचून दाखवत. पान्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग कान दिला. एका जहाजावरचा स्वयंपाकी, लहानपणी हरवलेल्या भावाला बंदराबंदरांतून शोधत निघालेला. दुसऱ्या दिवशी जेवण होताच पान्याने बायकोला पंखा बंद करायला लावला.

"उकडतंय की!"

"उकडू दे. ऐकू येत नाही."

असे बरेच दिवस गेले. शेवटी त्या स्वयंपाक्याला भावाचा पत्ता मिळाला. त्याने दार वाजवलं, आतून पावलं आली, कडी सरकली, आणि नेमकी वरची खिडकी धाडकन बंद झाली. ऊन फार तापलं होतं, बाईंनी पडदेही ओढून घेतले. पाना उशीवर मूठ आपटत राहिला.

"अगं, वर जाऊन विचार ना, दार कुणी उघडलं!"

बायको हसत हसत गेली. परत आली ती त्या दोघांना घेऊनच. काका कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत उतरले. लिफ्टवाला राहायचा त्या इमारतीला लिफ्ट नव्हती, यावरून त्यांनी त्याची यथेच्छ फिरकी ताणली. "चोरून ऐकत होतास ना? मग समोर बसून ऐक," असं म्हणत त्यांनी खुर्ची पलंगाशी ओढली.

दार एका परक्या म्हातारीने उघडलं होतं. भाऊ तिथून कधीच निघून गेला होता. दोघा पुरुषांनी एकदमच नाराजीचा सुस्कारा सोडला, तशा बाई म्हणाल्या, "मी लिहिलेलं नाही हो हे!"

तेव्हापासून वाचन पान्याच्या खोलीत होऊ लागलं. बायको गार कलिंगडाच्या फोडी ठेवायची आणि काहीतरी निवडायचं निमित्त काढून उंबऱ्यात बसायची. एकदा बाई चष्म्याची काच पुसत होत्या, तेवढ्यात काकांनी विचारलं, "तुझ्या खिडकीतून काय दिसतं रे?"

"काही नाही. रस्ता."

"रस्त्यावर काय?"

पान्याने मान वळवली. सांगायला लागला तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं. समोर एकाने गादी उन्हात टाकलीय आणि तिच्यावर मांजर पसरलंय. पोस्टमन सावली बघून बघून चालतोय. गॅलरीत एक बाई ओले केस पुसतेय आणि कुणाशी तरी भांडतेय, पण तिच्यासमोर कुणीच नाही. "फोनवर असेल," काका म्हणाले. "नाही, दोन्ही हात केसांत आहेत." काका खुदकन हसले. पुढे रोज पुस्तक मिटलं की ते खिडकी मागायचे. सकाळपासूनच पाना त्यांच्यासाठी रस्ता बघून ठेवू लागला. इतकी वर्षं तो या घरात राहत होता, पण ही गल्ली दुपारी कशी दिसते हे त्याला ठाऊकच नव्हतं. याचं त्याला मधूनच वाईट वाटे, पण तो ते बोलून दाखवत नसे.

प्लास्टर निघालं, पाना कामावर रुजू झाला. पहिल्याच संध्याकाळी लंगडत घरी आला, तर बायकोच्या चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचा भाव.

"वाचलंत? माझ्याशिवाय?"

"एकच प्रकरण. मला राहवेना."

तो फुरंगटून बसला. चहालाही हात लावेना. शेवटी काकांना निरोप गेला. ते कठडा धरत खाली आले आणि त्यांनी ते प्रकरण आठवेल तसं सांगितलं: वादळ, भिजलेलं पीठ, बंदरावरचं भांडण, धक्क्यावर शीळ घालणारा एक माणूस. पाना चहा विसरून ऐकत होता.

काका वर गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "शीळ घालणारा माणूस पुस्तकात नाहीये."

पान्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "बाईंना सांगू नकोस. आणि उद्या मी येईपर्यंत थांबा."

दुसऱ्या दिवसापासून वाचन संध्याकाळी सुरू झालं.