ऑर्लिनने ठोकून बसवलेला झेंडा

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, ऑर्लिन टॉफ्टे, हा अख्ख्या उत्तर मिनेसोटातला सर्वांत हेकट म्हातारा आहे. हे मी त्याच्या तोंडावरही सांगते. बहीण गेली, आणि हे ध्यान माझ्या शेजाराला उरलं.

अंगणातला राज्याचा झेंडा तिनेच कधीतरी लावलेला. निळं कापड, मधोमध गोल राजमुद्रा, आत बारीक बारीक चित्रं. खालून काही म्हणता काही दिसायचं नाही. शेजारच्या राज्याचा झेंडा चढवला असता तरी गावाला पत्ता लागला नसता. मग राज्याने तो बदलायला काढला आणि लोकांकडून नमुने मागवले. आमच्या गावातल्या एकाने चक्क डासाचं चित्र काढून पाठवलं. शेवटी निळ्यावर आठ टोकांची पांढरी चांदणी आली, आणि ऑर्लिनचं डोकं फिरलं.

"हा झेंडा आहे की दुकानाची पाटी?" चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तो ओरडला. मलाही नवा आवडला नव्हता, पण म्हणून मी जगाशी भांडत सुटले नाही. त्याने अंगणात जुनाच ठेवला.

त्याची नात रेना. आई ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींपैकी, बाप माझा भाचा. गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला तिला ऑर्लिननेच शिकवलं. तिच्यावर त्याचा जीव. दिवस गेले असताना ती आली आणि म्हणाली, "आजोबा, न बघता सांगा, त्या मुद्रेत काय आहे?"

"शेतकरी आहे, नांगर आहे. आणि एक रेड इंडियन घोड्यावरून त्याला भेटायला येतोय."

"येत नाहीये, चाललाय तो. जमीन सोडून. आणि शेतकऱ्याची बंदूक तिथेच ओंडक्याला टेकवलेली आहे. जा, बघून या."

तो उठलासुद्धा नाही.

"मग त्याच्याखालून माझं बाळ मी आत आणणार नाही," म्हणून ती गेली.

झेंडा कुणीतरी उतरवेल अशी धास्ती त्याने घेतली. संशय माझ्यावर, आणि तो खोटा नव्हता. त्याने क्रेनवाला बोलावला, झेंडा टोकाला बोल्टने ठोकून घेतला आणि दोरी काढून टाकली. "आता उतरव बघू!" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. याने सुंभच फेकून दिला.

बर्फ वितळायच्या सुमारास रेनाची गाडी फाटकाशी थांबली. कडेवर बाळ, लाल टोपीतलं.

"आजोबा, तेवढा उतरवा. मी आत येते. कॉफी टाका."

तो सपाता घालूनच चिखलात धावला. हात थेट खांबावर गेला, दोरी असायची तिथे, आणि तिथेच राहिला. कुंपणापलीकडून मी सगळं बघत होते. 'उतरत नाही गं, क्रेनवाल्याला बोलावतो', एवढंच त्याने म्हणायचं होतं.

त्याने मान ताठ केली. "माझं अंगण, माझा झेंडा."

गाडी वळली.

"अरे मूर्खा, सांगायचंस तरी!" मी ओरडले.

"तू तुझं घर बघ, आर्डिस."

झेंडा अजून वरच आहे. वाऱ्याने त्याच्या चिंध्या केल्या. शेतकरीही गेला, घोडेस्वारही. बाळ आता चालतं, रेना मला फोनवर सांगते. ऑर्लिनने विचारलं तर मी त्याला सांगेन. तो विचारत नाही.