चांगुणामावशीची मुडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, शाळेतल्या ज्या मैत्रिणीबरोबर इतकी वर्षं डबा खाल्ला तिच्याजवळही नाही. आज बोलणार आहे. मध्येच चहा टाकायला उठणार नाही. आणि "तेव्हा परिस्थितीच तशी होती" असलं काही लिहिणार नाही — लिहिलंच, तर तुम्ही खुशाल वाचणं थांबवा.

मी ड्रॉइंगची बाई. डोंबिवलीच्या एका शाळेत नोकरीला. ऐंशीचं दशक संपत आलेलं, मी सत्तावीस वर्षांची. रविवारी सकाळी स्केचबुक घेऊन पश्चिमेला खाडीच्या दिशेने चालत सुटायचे. तिथे तेव्हा भाताची खाचरं होती, बांध घालून खाडीचं पाणी अडवलेली. त्याच वाटेवर चांगुणामावशीचं घर. आगरी बाई, साठीच्या पुढची, काटक, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी मी तिच्या अंगणाचं चित्र काढत बसले, तर म्हणाली, "नुसती बसलीस कशाला? ये, वाल सोल." सोलले. मग दर रविवारी जायला लागले.

आता थोडं भाताबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते तुम्हांला कळायचं नाही. खाऱ्या जमिनीत साधं भात येत नाही. तिथे लागतो राता. तांदूळ लाल, जाडा — आपण शहरातली माणसं बघून नाक मुरडू. पण पावसाने आठ दिवस दडी मारली, जमिनीतलं मीठ वर आलं, तरी तो तग धरतो. आजूबाजूच्यांनी शेती सोडलेली, कुणी जमिनी विकायला काढलेल्या. त्या काठाला रात्याचं बी उरलं होतं ते फक्त मावशीच्या घरी. कणसं तीच निवडायची, तीच पाखडायची, आणि पेंढ्यात घालून, पेंढ्याच्याच दोरीने आवळून त्याचा मोठा गोल गोळा तीच बांधायची. त्याला मुडी म्हणतात. "चांगुणाच्या हातचा बी" असं गाव म्हणायचं. घर चालायचं ते मुलाच्या, दामूच्या पगारावर. तो कंपनीत होता. स्वयंपाकघर सुनेचं. मावशीचा शब्द चालायचा तो एवढ्या एका बाबतीत, बियाण्याच्या. ते तिचं मोठेपण. दुसरं होतं काय तिच्याकडे?

आणि मला ठाण्याच्या एका संग्रहालयाचं पत्र आलं. आजची कला, शेती आणि निसर्ग — असं प्रदर्शन. आमच्यासारख्या नवख्या चित्रकारांना बोलावलेलं. माझ्या डोक्यात मुडीच होती. कितीदा काढलेली मी ती! तिच्या गाठी मला डोळे मिटून काढता यायच्या. ठरवलं, चित्र नकोच, खरी मुडी टांगायची. पांढऱ्या दालनात मधोमध. बास.

मावशी आधी तयार नव्हती. "बी काय बघायची वस्तू हाय?" पण मी मागे लागले. कित्येक आठवडे मागे लागले. शेवटी तिने माळ्यावरून काढून दिली. म्हणाली, "मिरगाच्या आधी आनून दे. आनि सोडू नको तिला, वारा लागंल." मी देवाशपथ म्हटलं. हो — देवाशपथ, असंच म्हटलं.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी आम्ही सगळे मांडामांड करत होतो. एकाने नांगराला निळा ऑइलपेंट फासलेला, एकाने बैलगाडीचं चाक भिंतीला ठोकलेलं. माझी मुडी टांगलेली. एक ज्येष्ठ चित्रकार फिरत आले, त्यांच्याबरोबर संचालक. ते ज्येष्ठ थांबले, बघितलं, आणि हसून म्हणाले, "हे हस्तकलेच्या दुकानात छान दिसेल." आणि पुढे गेले. निळ्या नांगरापुढे मात्र पंधरा मिनिटं उभे!

मला काय झालं ते सांगते. मला लाज वाटली — मुडीची. मावशीच्या मुडीची मला लाज वाटली. ही एक कबुली झाली. पण लाज वाटणं हा काही गुन्हा नाही. गुन्हा पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कटरने मी मुडी एका बाजूने कापली. मोठे प्लायवूडचे तक्ते मागवले, त्यावर गोंद पसरला, आणि ते बी ओंजळी-ओंजळीने त्यावर पसरत गेले — वरून बघितलेल्या खाचरांच्या आकारात. बांधांच्या जागी मोकळं लाकूड. वर वॉर्निशचे दोन हात. दिवसभर गुडघ्यांवर होते. आणि खोटं कशाला बोलू — आयुष्यात तेवढा आनंद मला कुठल्याच कामात झालेला नाही. एकदाही हात थांबला नाही. मावशी आठवली नाही का? आठवली ना! "बघू मग," असं मनात म्हणाले आणि पुढची ओंजळ घेतली.

काम गाजलं. पेपरात फोटो आला. तेच ज्येष्ठ माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. पुढे त्याच कामावर शिष्यवृत्ती मिळाली. संग्रहालयाने तक्ते ठेवून घेतले.

आता मिरग जवळ आलेला, पेरणी तोंडावर. माझ्याकडे मुडीतलं साधारण चौथा हिस्सा बी उरलेलं, पिशवीत. अजूनही वेळ होता, नाही का? ती पिशवी घेऊन जायचं, पाय धरायचे, सांगायचं — मावशी, माझं चुकलं, एवढंच उरलंय. तिने शिव्या घातल्या असत्या. कदाचित दारातून हाकललं असतं. पण बी जगलं असतं.

मी कल्याणला गेले आणि एका व्यापाऱ्याकडून बियाण्याचं भात आणलं. साधं, गोड्या जमिनीतलं. रात्याचा लालपणा असतो टरफलाच्या आत. बाहेरून ओळखू येत नाही. उरलेलं खरं बी मी त्यात मिसळलं. का? मूठभर भरडून बघितलं तर लाल दाणा सापडावा म्हणून! इतका विचार केलेला मी. घाईत, घाबरून केलेली गोष्ट नव्हे ती. मग जुना पेंढा सांधून, नव्या दोरीला चहाच्या पाण्याने जुना रंग देऊन, मी मुडी बांधली. सगळ्या गाठी बरोबर. हात चित्रकाराचा ना!

मावशीने ती दोन्ही हातांनी घेतली, फिरवून बघितली. "सोडली नाय ना गं?"

"नाही मावशी."

तिने मुडीला कुंकू लावलं आणि मला पेज दिली.

पेरलं. मोड छान आले, रोपं हिरवीगार उठली, आणि मला वाटलं — सुटले! मग श्रावणात पावसाने ओढ दिली. मी एका रविवारी गेले तर मावशी बांधावर उभी. खाचर करपलेलं, आणि त्या पिवळ्यात इथे एक, तिथे दोन, अशी हिरवी रोपं ताठ उभी. मला बघताक्षणी कळलं की जी उभी आहेत ती तिची, आणि मेलेली माझी.

तिलाही कळलं होतं — पण वेगळंच. सगळ्यांनाच ते वेगळंच कळलं. बी भेसळीचं निघालं. म्हणजे म्हातारीनेच पाखडताना, निवडताना गोंधळ केला. सगळंच्या सगळं मेलं असतं तर कुणी बांधाला दोष दिला असता, कुणी पावसाला. ती हिरवी रोपं उभी होती म्हणून दोष तिच्यावर आला. माझ्या हुशारीनेच आणला. गावातल्या बाया येऊन बघून गेल्या. कुणी वाईट बोललं नाही, हेच वाईट. "डोले गेले आता चांगुणाचे," एवढंच म्हणाल्या.

दामू वाईट माणूस नव्हता. तो मला म्हणाला, "बाई, आईला सांगा तुम्हीच, आता ऱ्हाऊ दे म्हनावं. तुमचा ऐकंल ती." मी मान हलवली. सांगते, म्हटलं.

त्या जगलेल्या रोपांची कणसं मावशीने दसऱ्यानंतर एकटीने, एकेक करून कापली. टोपलीभर झाली. हे शुद्ध आहे, म्हणायची, खाऱ्यात उभं ऱ्हायलं ते माझंच, यातून परत बी धरीन. आणि तिचं बरोबर होतं हो! अक्षरन् अक्षर बरोबर होतं. त्या घरात ते कुणीच मानत नव्हतं. ते मला एकटीला ठाऊक होतं. मी पडवीत बसलेले, टोपलीपासून दोन हातांवर.

दामू म्हणाला, भेसळीचा बी परत पेरतात का कधी? खाऊन टाकू. मावशी त्याच्याशी भांडली नाही. ती माझ्याकडे वळली. मला तिचा चेहरा सांगता येणार नाही. मी शंभर चेहरे काढलेत, हा कधी काढला नाही. म्हणाली, "तू तं बघितलीस ना माझी मुडी. तुझ्याकडं व्हती तवा बरी व्हती ना?"

एक वाक्य हवं होतं. भेसळ मी केली, मावशी. चार शब्द. दामू कंपनीतून आलेला, सून दारात उभी, सगळे ऐकायला हजर. मी संग्रहालयाचा विचार केला, शिष्यवृत्तीचा केला, शाळेत हे कळलं तर काय होईल त्याचा केला. मग म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय, मावशी."

मान खाली घालून ती आत गेली. टोपली दामूने उचलली.

त्यानंतर तिने बियाण्याला हात लावला नाही, हे मला सुनेने नंतर सांगितलं. पुढच्या वर्षी ते शेत पडीक राहिलं. मावशी वारली तेव्हा नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झालेली. मी गेले नाही. आज तिथे इमारती आहेत. शेत तसंही गेलंच असतं, असं मी स्वतःला खूप वर्षं ऐकवलं. शेत गेलं असतं. तिचं नाव मी घालवलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण एक दिवस उरलाय, आणि सगळं सांगायचं असं ठरवून बसलेय.

दामूने टोपली उचलली, त्याच्या पुढच्याच रविवारी मी पुन्हा त्या घरी गेले. का गेले? गेले नसते तर संशय आला असता म्हणून. सुनेने हाक मारली, "या बाई, नवा भात हाय, जेवल्याशिवाय सोडायची नाय." ताट मांडलं. लाल भात, वर कोलंबीचं कालवण. समोर मावशी भिंतीला टेकून बसलेली. तिच्या ताटात तिने नुसती भाकरी घेतलेली. त्या मातीत उभं राहू शकणारं ते शेवटचं बी, शिजवलेलं, माझ्यापुढे वाफाळत होतं. मी जेवले. मावशीने स्वतः उठून मला परत वाढलं, "पोटभर जेव गं" म्हणाली. मी तेही संपवलं.