अक्काच्या घरचं वायफाय

अक्का दुसऱ्याचा कागद वाचत नसे. प्रिंटरमधून पान बाहेर आलं की ते पालथं करायची आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायची. शाळेच्या ऑफिसात जन्मभर टायपिंग केलेल्या बाईला न वाचता राहणं जडच जात असणार. पण अमळनेरजवळच्या आमच्या गावात स्टँडवरचा झेरॉक्सवाला प्रत्येक अर्ज वाचायचा, आणि संध्याकाळपर्यंत तो नको त्यांच्या कानावर जायचा. म्हणून निवृत्तीनंतर अक्कानं घरीच प्रिंटर आणला.

गल्लीत ब्रॉडबँड नव्हतं. हमरस्त्यावरच्या बंगल्यांना वायर मिळाली. आमच्या गल्लीत कंपनीचा माणूस डोकावला आणि "इथं गिऱ्हाईक नाही" म्हणून निघून गेला. अक्कानं धुळ्याच्या लेकीकडून जुना राउटर आणला आणि प्रिंटर त्याच्यावर जोडला.

"नेट नाही तर वायफाय कसलं, अक्का?" मी हसले. फोनही तेच विचारायचा : या वायफायला इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवू का? मी 'नाही' दाबायचे आणि प्रिंट अडकायची. अक्का हातावर चापट मारायची. "हो म्हन ना! घरमाच बोलनं शे, मंग गावले कसाले इचारानं?"

मी अक्काची शेजारीण, तेव्हाही मोर्च्यांची पत्रकं लिहायचे. तिचं माझ्याबद्दलचं मत ठरलेलं होतं : "तुनं पत्रक वाचं का राग येस. पन सकायले उठीसन काय करानं, ते त्यामा नही ऱ्हास."

मग रस्ता रुंदीकरणाची नोटीस आली. गल्लीतली सगळी घरं म्हणे अतिक्रमण. हरकत घ्यायची तर ठरलेल्या नमुन्यात, प्रत्येक घराची वेगळी आणि छापलेलीच. ज्या गल्लीत वायर यायला तयार नाही, तिनं छापून बोलायचं! हातानं लिहिलेलं माणसाचं म्हणणं यांना म्हणणंच वाटत नाही.

दोन दिवस अक्काच्या ओसरीवर बाया फोन घेऊन रांगेत बसल्या. मी प्रत्येकीच्या फोनवर नमुना भरायचे, अक्का छापायची, पान पालथं ठेवायची. मध्येच मी विचारलं, "अक्का, तुझी हरकत?"

"वाढनारी बाई पंगतमा बसस का? काढसू शेवटले."

आमच्याकडे ही रीतच आहे. वाढणारी शेवटी बसते, आणि तिच्या ताटात काय उरलं ते कुणी बघत नाही. मीही बघितलं नाही. मी पुढचा फोन हातात घेतला.

मुदतीच्या दुपारी शाई संपत आली. नवी शाई जळगावशिवाय मिळणार नव्हती. शेवटचं पान अक्काचं. तिनं ते पालथं करून गठ्ठ्याच्या तळाशी सारलं, आणि मी घोषणा देत गठ्ठा घेऊन निघाले. नोटीस काढणाऱ्या ऑफिसातल्या माणसानं एकेक हरकत घेतली. तळाचं पान उजेडात धरलं. वरच्या चार ओळी करड्या, खाली नुसत्या रेघा.

"हे वाचता येत नाही."

"मी आत्ता लिहून देते."

"हातानं लिहिलेलं चालत नाही, ताई."

मी भांडले, टेबलावर हात आपटला. मुदतीची वेळ संपली, खिडकी बंद झाली.

बाकीच्यांची सुनावणी झाली, फेरमोजणी झाली, घरं राहिली. अक्काची काही हरकत नाही असं धरलं गेलं. कागदावर खरंच तसंच होतं.

जेसीबी आला त्या दिवशी तिनं भांडीकुंडी नंतर हलवली. आधी प्रिंटर आणि राउटर समोरच्या शांताबाईंच्या घरी नेऊन जोडले, आणि फोननं विचारल्यावर काय दाबायचं ते त्यांना दोनदा शिकवलं. मी रडत होते. "अक्का, माझी चूक झाली." ती म्हणाली, "तुनी नही. पान मीच तये ठेयं." पान तळाशी तिनंच ठेवलं होतं, हे ऐकून मला जास्तच लागलं.

ती धुळ्याला लेकीकडे गेली आणि तिथं तिनं फार दिवस काढले नाहीत. वारण्याच्या आधीच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज पार खोल गेला होता.

"गल्लीमा बठ्ठा घरे शेतस ना?"

सगळी घरं? मी तेव्हा तिच्याच दाराच्या जागी उभी होते. नवं डांबर चपलांना चिकटत होतं.

"शेतस, अक्का," मी म्हणाले. "बठ्ठा शेतस."

"मंग बरं शे," ती म्हणाली.